‘थोडक्यात वाचला’ हे कागदावर कसं आणायचं

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये क्रेनने चारशे किलोची प्लेट उचलली. पट्ट्याचा स्लिंग, म्हणजे प्लेट क्रेनला अडकवणारा पट्टा, प्लेटच्या धारेवर घासून तुटला. प्लेट खाली आदळली तेव्हा हेल्पर दोन हातांवर होता. कुणाला खरचटलंही नाही. दुसरा स्लिंग आला, काम सुरू झालं, चहाला थोडी चर्चा झाली आणि विषय संपला. पुढच्या आठवड्यात तीच धार असेल, तसाच स्लिंग असेल, फक्त हेल्पर दोन हातांवर असेलच असं नाही.

यालाच निअर मिस म्हणतात: इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. कामगार हे लपवतात ते आळसाने नव्हे. मागे ज्याने सांगितलं त्याचं काय झालं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याला ‘तू तिथे उभाच का होतास?’ विचारलं गेलं, मेमो मिळाला, आणि तो कंत्राटी असेल तर त्याचा गेटपास गेला. म्हणून निअर मिसची कार्डं टाकायची पेटी लावण्याआधी ही भीती काढा.

त्यासाठी प्लांट हेडच्या सहीचं एक पान पुरतं. निअर मिस कळवणाऱ्यावर, त्यात त्याची स्वतःची चूक असली तरी, मेमो, पगारकपात किंवा बदली होणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहा. मराठीत, हिंदीत आणि शॉपफ्लोअरवर जी भाषा बोलली जाते तिच्यात लावा. ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्येही हीच अट घाला, नाहीतर त्याच्या माणसांना या हमीचा काही उपयोग नाही. अपवाद दोनच ठेवा: नशेत केलेलं काम आणि मुद्दाम केलेली नासधूस.

‘सुरक्षा नियम मोडला असल्यास हमी लागू नाही’ असं कलम घालायचा मोह होतो. घालू नका. पॉवर प्रेस चालवताना दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून दोन बटणं असतात. त्यातलं एक टेप चिकटवून कायम दाबून ठेवलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा कारण टार्गेट असतं. हे कलम आलं की ती टेप तुम्हाला कुणीच दाखवणार नाही, आणि दिसेल ती थेट बोटं गेल्यावर.

आता कार्ड. पोस्टकार्डाएवढं, दोन मिनिटांत भरून होणारं, चार प्रश्नांचं:

– कुठे आणि कधी?
– काय झालं?
– यातून जास्तीत जास्त काय होऊ शकलं असतं?
– काय केलं तर पुन्हा होणार नाही?

नाव लिहिणं ऐच्छिक ठेवा. ‘कोणाची चूक’ हा रकाना नकोच. ज्याला लिहायला जड जातं त्याने तोंडी सांगावं आणि सुपरवायझरने त्याच्याच शब्दांत लिहून त्याला वाचून दाखवावं. पेटी पिण्याच्या पाण्यापाशी किंवा कॅन्टीनमध्ये लावा. ऑफिसच्या दारात किंवा कॅमेऱ्यासमोर लावलेली पेटी रिकामीच राहते. ती रोज उघडा. रात्रपाळीची कार्डं सकाळच्या पाळीच्या सुरुवातीला वाचली गेली पाहिजेत.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे सुपरवायझरचं पहिलं वाक्य. ‘बरं झालं सांगितलंस. चल, जागा दाखव,’ एवढंच. तिथे जाऊन पाहायचं, धोका चालू असेल तर काम थांबवायचं, मग कारण शोधायचं. स्लिंगच्या प्रकरणात ‘कामगाराचे दुर्लक्ष, समज दिली’ असं लिहिणं म्हणजे काहीच न शोधणं. स्लिंग घासू नये म्हणून धारेवर बसवायचा कॉर्नर गार्ड का नव्हता? स्टोअरमध्ये होता का? स्लिंग शेवटचा कधी तपासला? लोड हलत असताना माणसं त्या भागात कशी येऊ शकतात? या प्रश्नांतून दुरुस्ती सापडते.

चोवीस तासांत उत्तर द्या आणि ते सगळ्यांना दिसेल असं फळ्यावर लिहा: काय कळलं, काय करणार, कोण, कधीपर्यंत. जमणार नसेल तर तेही कारणासकट लिहा. सुरुवातीच्या काही कार्डांवर स्वस्त, झटपट दिसणारी दुरुस्ती कराच. एक कॉर्नर गार्ड बसलेला दिसला की पुढची कार्डं न मागता येतात.

कळलेली गोष्ट एकाच विभागात अडकू देऊ नका. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ ‘ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स’चं विमान डोंगरावर आदळून ९२ जण गेले. त्याआधी सहा आठवडे दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण बाकीच्यांपर्यंत ते पोचलं नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत वैमानिकांसाठी अशा नोंदी गोळा करणारी यंत्रणा उभी राहिली. ती नासा चालवते, आणि कळवणाऱ्याची ओळख काढून टाकूनच माहिती पुढे देते. तुमच्याकडे याचं रूप साधं आहे: प्रत्येक पाळीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सुरक्षा-गप्पांत, एक कार्ड, नाव न घेता, पाच मिनिटं.

‘माणशी महिन्याला दोन कार्डं’ असं टार्गेट मात्र देऊ नका. महिनाअखेरीस ‘फरशीवर पाणी सांडले’ अशी तीच तीच कार्डं येतात आणि तुटलेला स्लिंग त्यांत हरवतो. ‘इतके दिवस अपघात नाही’ या फळ्यावर बक्षीस लावणं त्याहून घातक, कारण मग लपवण्यातच सगळ्यांचा फायदा असतो. ४ मार्चला सुरक्षा दिनी सत्कार करायचाच असेल, तर ज्या कार्डामुळे खरी दुरुस्ती झाली त्याचा करा, आणि तोही त्या माणसाला विचारून.

मोजायचं असेल तर कार्डांच्या संख्येबरोबर हे पाहा: त्यांतल्या किती कार्डांवरची दुरुस्ती ठरल्या मुदतीत पूर्ण झाली, कंत्राटी कामगारांची किती, रात्रपाळीची किती, नाव घालून किती आली. नावं वाढली म्हणजे विश्वास वाढतोय. अमेरिकन सुरक्षातज्ज्ञ हाइनरिखने १९३१ मध्ये मांडलेलं १–२९–३०० हे गुणोत्तर (एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ इजा आणि इजा न झालेल्या ३०० घटना) पोस्टरवर असतं, पण घसरण्याची शंभर कार्डं निकाली काढल्याने क्रेनखालचा माणूस वाचत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘जीव गेला असता’ असेल, ते कार्ड त्याच दिवशी प्लांट हेडच्या टेबलावर हवं. क्रेन कोसळणं किंवा स्फोट होणं यांसारख्या घटना तर इजा नसली तरी कारखाना निरीक्षकाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे कार्डावर भागत नाही.

एखाद्या विभागातून महिनाभर एकही कार्ड आलं नाही, तर अभिनंदन करू नका. तिथे जा, मशीनपाशी उभे राहा आणि विचारा: ‘या आठवड्यात इथे कशाने दचकलात?’