वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा मागायला निघालात? हे बरोबर घ्या

इंदूरच्या आमच्या नात्यातल्या बायका एकीमागून एक तेच विचारतायत, म्हणून एकदाच लिहून टाकते. आधार, पॅन, फोटो, वडिलांचा मृत्यू दाखला, हे सांगायला नकोच. वंशावळ करा, गेलेल्यांसकट आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांसकट. आत्यांना वगळू नका, त्याही वारस असतात आणि ऐन वेळी उभ्या राहतात, मग भोगा.

आता मेन कागद, माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलून भागत नाही, तांदळात अंगठीने नवं नाव लिहून पहिलंही बदलतात, मग आजोबांच्या कागदात कुसुम आणि आधारवर वृंदा, दोघी एकच कशावरून? माझी फाइल बाकी सगळं असून ह्याच्यावरूनच परत आली. दहावीची अंकसूची शोधा, तिच्यावर वडिलांचं नाव असतं, शिवाय विवाह नोंदणीचा दाखला, आणि वर शपथपत्र. नुसत्या शपथपत्रावर भागेल असं धरून चालू नका. दोन्ही नावांचा कागद नसेल तर आधी तो करा, वकील मग.

मिळकत कुठली तेही बघून ठेवा. पणजोबा-आजोबांपासून चालत आलेली, वाटणी न झालेली असेल तर मुलीचा हक्क जन्मापासून, मुलाइतकाच. वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला प्लॉट मात्र ते मृत्युपत्र करून कोणालाही देऊ शकतात, मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, आई, आजी सारखे वारस. आणि आजोबांची स्वकमाई 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांकडे वारसाने आली असेल तर ती वडिलांची स्वतःची धरतात, इथे भलेभले गडबडतात. म्हणून मूळ रजिस्ट्रीची सर्टिफाइड कॉपी काढा. शेती असेल तर खसरा आणि बी-वन, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातले जमिनीचे उतारे, जमीन महाराष्ट्रात राहिली असेल तर सातबारा आणि जुने फेरफार.

तारखा पाठ करा. मुलीला मुलाइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली 9 सप्टेंबर 2005 ला, पण 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली विक्री किंवा पक्की वाटणी उघडता येत नाही. भाऊ म्हणेल बाबा तर 2005 च्या आधीच गेले, म्हणू दे, 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायची अट नाही. 'तोंडी वाटणी झाली होती' हेही सहसा टिकत नाही, रजिस्टर्ड वाटणीपत्र नाहीतर कोर्टाची डिक्री लागते. पुण्याची मावशी 1994 चं सांगेल, लग्न झालेल्यांना नाही म्हणून, तो महाराष्ट्राचा बदल होता, मध्य प्रदेशात तसला काही नव्हता, आता सगळीकडे 2005 चंच.

सही! नामांतरणाला, म्हणजे सरकारी नोंदीत नाव बदलायला, 'नुसती सहमती दे गं ताई' म्हणून कागद पुढे येतो, तो नीट वाचा. स्थावराचा हक्क सोडायला रजिस्टर्ड हक्कत्याग लागतो हे खरं, पण म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका, राखीच्या दिवशी तर मुळीच नाही. उलट नामांतरण भावाच्या नावाने झालं म्हणून मालकी त्याची होत नाही, रडत बसू नका.

आणि तो दोन नावांचा कागद? ठेवलात? परत बघा.

पुढचं थोडक्यात. आधी नोटीस, जमलं तर आपसात वाटणीपत्र करून रजिस्ट्री, नाही तर वाटणीचा दावा आणि सोबत विक्रीवर स्टेचा अर्ज. हिस्सा नाकारल्याचं कळल्यापासून 12 वर्षांची मुदत असते, त्यामुळे 'बघू पुढच्या दिवाळीला' नको. सगळ्याच्या दोन झेरॉक्स, ओरिजिनल कोणाच्या हातात द्यायचं नाही, वकिलाच्यासुद्धा, आणि दिलंच तर पोच लिहून घ्या.