झोळ पडायच्या आधी: ऑफिसच्या खुर्चीची जाळी कशी निवडावी

बाजेला झोळ पडला की पायथ्याची दोरी आवळून ती पुन्हा ताठ करता येते. ऑफिसच्या खुर्चीच्या जाळीला ती सोय नाही. तिचा ताण एकदा गेला की गेला. म्हणून रंग आणि चाकं बघण्याआधी जाळी बघायची.

पाठ आणि बैठक यांचा वेगवेगळा विचार करा. पाठीवर आपण फक्त रेलतो. बैठकीवर मात्र शरीराचा बहुतेक भार दिवसभर असतो. पाठीला साधी जाळी पुरते, बैठकीला नाही. हे मला उशिरा कळलं. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा कोथरूडच्या घरासाठी घाईघाईत अख्खी जाळीची खुर्ची आणली. दीड वर्षात बैठकीच्या मधोमध खळगा पडला आणि फ्रेमची पुढची कड मांड्यांना रुतायला लागली. दुकानदार म्हणाला, "वॉरंटी गॅसलिफ्टची आहे, कापडाची नाही." (गॅसलिफ्ट म्हणजे खुर्ची वर-खाली करणारा दांडा.) बजेट बेताचं असेल तर पाठ जाळीची आणि बैठक मोल्डेड फोमची घ्या. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये शर्ट पाठीलाच आधी चिकटतो, तेवढी तरी सुटका होते.

जाळी कशाची आहे ते विचारा. "इंपोर्टेड मेश आहे" हे उत्तर नव्हे. स्वस्त खुर्च्यांत बहुधा पॉलिस्टर असतं. ते ओल फारसं धरत नाही आणि ऊनही बऱ्यापैकी सोसतं. नायलॉन घासण्याला चिवट, पण हवेतला ओलावा जास्त शोषतं (वजनाच्या साधारण ४ टक्के, तर पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही) आणि ओलं झालं की थोडं सैल पडतं. शिवाय उन्हात ते लवकर पिवळं आणि कमजोर होतं. टेबल पश्चिमेच्या खिडकीशी असेल तर मी पॉलिस्टरच घेईन. पीव्हीसीचा लेप दिलेली जाळी गॅलरीत ठेवायला ठीक, पण आठ तास बसायला नको, घामाला चिकटते.

बैठकसुद्धा जाळीचीच हवी असेल, तर इलॅस्टोमरच्या धाग्याची जाळी शोधा. हा धागा रबरासारखा ताणला जाऊन पुन्हा जागेवर येतो. हर्मन मिलर कंपनीने १९९४ मध्ये 'एरॉन' ही खुर्ची आणली, तिच्यात फोम न घालता अशीच जाळी बसवली होती. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक हे तिचे रचनाकार. अशी जाळी महाग असते, त्याला इलाज नाही.

दुकानात हात लावून बघा. बैठकीच्या मध्यभागी तळहाताने जोर द्या आणि हात उचला. जाळी लगेच सपाट झाली पाहिजे; हाताचा ठसा रेंगाळला तर ती खुर्ची सोडा. मागून मोबाइलचा टॉर्च मारला की वीण कुठे विरळ, कुठे दाट ते दिसतं. मग सगळ्या कडेवरून अंगठा फिरवा, कारण जाळी मधे क्वचितच फाटते, सुटते ती कडेला. फ्रेमच्या खाचेत घट्ट बसवलेली किंवा फ्रेमबरोबरच साच्यात ओतलेली कड टिकते. पिना ठोकून वर पट्टी लावलेली असेल तर पट्टी जरा उचलून बघायला लाजू नका. वीण खरखरीत असेल तर सुती पँटला महिन्याभरात गोळे येतात, तेव्हा जाळीवर रुमालही घासून बघा.

आता पंधरा मिनिटं बसा, खिशातलं पाकीट काढून. दोन मिनिटांत कुठलीही खुर्ची छानच वाटते. पुढची कड मांडीखाली टोचते का, याकडे लक्ष ठेवा. घरात सगळ्यात वजनदार माणूस ती वापरणार असेल तर त्यालाच बरोबर न्या.

साफसफाई सोपी आहे: आठवड्याला ब्रश, महिन्याला साबणाच्या पाण्याचं फडकं, आणि वाळवायची ती सावलीत. थिनर अजिबात नको. घरात मांजर असेल तर मात्र जाळीचा नादच सोडा.

पैसे देण्याआधी वॉरंटीत जाळी धरली आहे का ते विचारा आणि तसं लिहून घ्या. माझ्या दुसऱ्या खुर्चीच्या बिलावर दुकानदाराने, कुरकुरत का होईना, पेनाने 'जाळीसह' असं लिहून सही केली.