आपल्या गल्लीचं पाणी विश्वामित्रीत जातं कसं, हे मुलांना दाखवायचंय? असं करा

मुलांना आपल्या बडोद्याची विश्वामित्री नदी दाखवायची म्हणून थेट पुलावर नेऊ नका, सुरुवात घरापासून करा. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस पडला की सगळ्यांना गॅलरीत बसवायचं, कागदावर गल्लीचा साधा नकाशा द्यायचा आणि पाणी जिकडे धावतंय तिकडे बाण काढायला सांगायचं बस. आमच्याकडे दांडिया बाजारात पाणी पानाच्या टपरीपाशी फुटून दोन वेगळ्या बाजूंना जातं, हे इतक्या वर्षांत कुणा मोठ्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं, आठ वर्षांच्या पोरीच्या बाणांनी दाखवलं.

पाऊस उघडल्यावर त्याच बाणांमागे चालत जवळच्या कांसापर्यंत जा. कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणारे आपले नाले, भुखी कांस वगैरे. काही ठिकाणी वर स्लॅब टाकलाय म्हणून मुलांना वाटतं तिथे फक्त रस्ताच आहे. उघडा भाग असेल तिथे काठावर खडूने १० मीटर मोजा, संत्र्याचं साल टाका आणि मोबाइलवर सेकंद मोजा, तीनदा करून सेकंदांची सरासरी काढा, १० ला त्या सरासरीने भागा, तो झाला पाण्याचा सेकंदाला मीटरमधला वेग. मग एका मोठ्या माणसाने ग्लोव्हज घालून दोरीच्या बादलीने पाणी काढावं, पारदर्शक बाटलीत भरून मागे पेपर धरावा, शेजारी गच्चीवरून धरलेल्या पावसाच्या पाण्याची बाटली ठेवावी. एकीतून बारीक अक्षरं वाचता येतात, दुसरीतून मथळासुद्धा दिसत नाही, मग मुलं आपणहून विचारतात की मधे यात काय मिसळलं. नंतर साबणाने हात, न चुकता.

नदी हिवाळ्यात बघा. सकाळी ऊन चढलं की कामाटीबागेजवळ काळा घोड्याच्या पुलावरून मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. काठावर उतरायचं नाही, कितीही शांत वाटलं तरी नाही, आणि खायला काही टाकायचं नाही. उन्हाळ्यात तर माद्या काठावर अंडी राखत असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जा. २०१९ आणि २०२४ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं ते त्यांनाच भिंतीवर बोटाने दाखवू द्या, मुलांनी टेपने रस्त्यापासून मोजावं. "अगं, पाऊस तर थांबला होता, तरी पाणी चढतच होतं" असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा नकाशा उघडून दाखवा, नदी पावागडहून निघते, वर आजवा सरोवर आहे, तिकडचं पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, आणि नदीच तुडुंब भरली की कांसातलं पाणी पुढे जाऊ शकत नाही, ते उलटं गल्लीत शिरतं.

गल्लीच्या नकाशावर प्रत्येक घरासमोर ती उंची लिहा, तो प्लॅस्टिकमध्ये घालून सोसायटीच्या नोटिस बोर्डावर लावा, आणि पुढच्या जूनमध्ये तोच नकाशा घेऊन परत गॅलरीत बसा.