कोपर दुखतंय म्हणून छाटणीआधी इंजेक्शन? या चुका टाळा

सप्टेंबर सरत आला, द्राक्षबागेत गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची चाहूल लागली, की आमच्या दिंडोरी तालुक्यात मला एकच प्रश्न विचारला जातो: "दादा, तुमचा हात कशानं बरा झाला?" पाच महिने व्यायाम केला म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, "ते ठीक आहे, पण इंजेक्शन कुठं चांगलं देतात?" म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा लागतो. तिथं बोटानं दाबलं की कळ येते. चहाचा कप उचलताना, कुलूप उघडताना, फडकं पिळताना तीच कळ मनगटाकडे उतरते. हा टेनिस एल्बो. आपल्याकडे याला 'नस चढली' म्हणून मोकळे होतात, पण दुखतो तो टेंडन. मनगट वर उचलणारे स्नायू त्या उंचवट्याला या टेंडननं जोडलेले असतात. कात्री दाबताना दर वेळी मनगट तोलून धरायचं काम त्यांच्यावरच येतं. दिवसभर तेच केलं की टेंडनची झीज होते, आणि तिथं रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ती भरायला महिने लागतात.

आता सगळ्यात मोठी चूक. हंगाम मारून न्यायला स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणं. मी हेच केलं होतं. छाटणी आठ दिवसांवर आली होती, छाटणाऱ्या मजुरांची टोळी उशिरा येणार होती आणि उजवा हात कात्री धरू देत नव्हता. नाशकात जाऊन इंजेक्शन घेतलं. तिसऱ्या दिवशी कळ गेली. हात बरा झाला असं समजून मी अडीच एकरांत टोळीबरोबर उभा राहिलो, डोळे फुटायला काड्यांना पेस्ट लावली, तारा ताणल्या. दिवाळीत कळ परत आली. दुसरं इंजेक्शन घेतलं आणि घडातले जादा मणी काढायच्या विरळणीलाही बागेत उतरलो. जानेवारीत एका सकाळी पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि तो सरळ हातातून सुटला, आईच्या पायावर. बोटं मिटलेली होती, पण त्यांत धरायची ताकदच उरली नव्हती.

स्टेरॉइडनं कळ दबते, झीज भरत नाही. कळ नसली की आपण त्याच टेंडनवर दुप्पट काम टाकतो. अभ्यासांतही हेच दिसलंय: पहिले सहा आठवडे इंजेक्शनवाले बरे असतात, पण वर्षाअखेरीस इंजेक्शन न घेतलेल्यांचे हात जास्त चांगले असतात. इंजेक्शनवाल्यांचं दुखणं उलटतंही जास्त. मधुमेह असेल तर साखर वाढते ती वेगळीच.

दुसरी चूक घाईची. हात महिनाभर बांधून ठेवायचा आणि एक दिवस थेट कात्री धरायची. नाहीतर व्यायाम सुरू करून दहाव्या दिवशी पाच किलोचा डंबेल उचलायचा. नवी बाग लावली की पहिल्या घडासाठी दीड-दोन वर्षं थांबणारा माणूस स्वतःच्या हाताला दहा दिवस देत नाही, याचा मला खरंच राग येतो.

मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुरुवातीला वजन दिलंच नाही. हात टेबलावर, तळवा खाली, पंजा कडेबाहेर. डाव्या हातानं उजव्या पंजाला वरून दाबायचं आणि उजव्यानं न हलता तोलून धरायचं. पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. तीन आठवड्यांनी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आली. डाव्या हाताच्या आधारानं वर न्यायची, उजव्यानं पाच आकडे मोजत खाली सोडायची. पंधराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. लिटरच्या बाटलीवर यायला मला आणखी सहा आठवडे लागले. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं, पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर वजन उतरवायचं. फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर मी रोज तो आकडा लिहायचो. आठवड्याचं पान बघितलं की सुधारणा दिसते, एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही.

पट्टा कोपरावर बांधू नका. कोपराखाली दोन-तीन बोटं सोडून बांधा. दुखऱ्या उंचवट्यावर तेल घालून रगडणं बंद करा. क्रेट आणि बादली तळवा वर ठेवून, कोपर अंगाशी धरून उचला. बोथट कात्री वापरू नका, मी तर आता दुपारच्या जेवणाला बसायच्या आधी धार लावतो.

"सचिननं ऑपरेशन केलं होतं ना?" असंही विचारतात. केलं होतं, 2005 मध्ये, लंडनला. पण ऑपरेशन हा शेवटचा उपाय आहे. बहुतेकांचा हात वर्षभरात त्याशिवाय सुधारतो.

मात्र बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवली की कळ हातात उतरत असेल, किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मूळ मानेच्या मणक्यात असलं तर कोपराचे व्यायाम कितीही केले तरी उपयोग होत नाही.

आणि एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठीची छाटणी डोक्यात असेल तर बाटली फेब्रुवारीतच हातात घ्या, दुखत नसलं तरी. छाटणीच्या पहिल्या आठवड्यात मी सकाळी दोन तासच कात्री धरतो, मग काड्या गोळा करायला जातो.