गहू ओंबीवर येताना कर्नाल बंटकडे लक्ष ठेवा

ओंबी पोटरीतून बाहेर पडायला लागली आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं, की तांबेऱ्याची आठवण सगळ्यांना होते. गव्हाच्या दाण्यात काळी भुकटी भरणाऱ्या कर्नाल बंट या बुरशीरोगाची मात्र फारशी कोणाला होत नाही. उभ्या पिकात हा रोग दिसत नाही आणि उत्पादनातली घट बहुतेक वर्षी एक टक्क्याच्या आतच असते, त्यामुळे दुर्लक्ष होणं साहजिक आहे. पण तांबेरा वाऱ्याने सगळीकडे पोचतो, त्याच्यापायी धान्याचं जहाज कोणी अडवत नाही. कर्नाल बंटपायी अडवतात.

१९३० च्या सुमारास आताच्या हरियाणातल्या कर्नालमध्ये हा रोग पहिल्यांदा लक्षात आला. १९३१ मध्ये वनस्पतिरोगतज्ज्ञ मित्रा यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि गावाचं नाव रोगाला कायमचं चिकटलं. टिलेशिया इंडिका ही त्याची बुरशी. ओंबीतले सगळे दाणे ती धरत नाही, काही मोजकेच धरते, आणि त्यांचंही पूर्ण नुकसान करत नाही. दाण्याच्या खाचेजवळ काळी भुकटी भरते, बाकी दाणा शाबूत राहतो. म्हणून तो मळणीत वेगळा पडत नाही, चांगल्या मालात मिसळून पुढे जातो. चिमटीत चुरला तर मासळीसारखा उग्र वास येतो. शंभरात तीन दाणे जरी असे निघाले, तरी पिठाला वास आणि काळपटपणा येतो.

आता या हंगामातलं काम. ती काळी भुकटी म्हणजे बीजाणू, बुरशीचं बीच. जमिनीतले बीजाणू ओल मिळाली की रुजतात, त्यांच्यापासून बारीक बीजाणू तयार होऊन हवेतून ओंबीवर येतात. लागण होते ती ओंबी निघण्यापासून फुलोऱ्यापर्यंतच. थंड, ढगाळ हवा, दमट दुपार आणि मधूनच भुरभुर पाऊस हे त्याला मानवतं. ऊन कडक आणि हवा कोरडी असेल तर घाबरायचं कारण नाही. या काळात पाणी बेतानेच द्या, तुषार सिंचन असेल तर शक्यतो टाळा. नत्राचा हात आधीच सैल सुटला असेल तर आता आणखी युरिया टाकू नका.

फवारणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. साध्या धान्याच्या पिकाला, कोरड्या हवेत, तो खर्च वसूल होत नाही. पण बियाण्याचा प्लॉट असेल, किंवा माल निर्यातीला जाणार असेल आणि हवा बिघडली असेल, तर ओंब्या बाहेर पडू लागताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, १ मिली प्रति लिटर पाणी, असं एकदा फवारा. डब्यावरच्या लेबलातलं प्रमाण आणि काढणीपूर्वीचा थांबण्याचा काळ पाळा. दाणे भरल्यावर फवारून उपयोग नाही. नुसत्या बीजप्रक्रियेवरही भिस्त ठेवू नका, कारण लागण फुलोऱ्यात हवेतून होते.

एवढ्याशा रोगाचा व्यापारात एवढा बाऊ का, असं वाटणं चूक नाही. एकदा शेतात शिरलेले बीजाणू जमिनीत काही वर्षं जिवंत राहतात आणि त्यांना काढायचा व्यवहार्य उपाय नाही, म्हणून ज्या देशात रोग नाही तो देश एकही रोगट दाणा नको म्हणतो. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या ड्युरम (पास्त्यासाठीच्या कडक) गव्हाच्या बियाण्यात हा रोग सापडला. पीक किती बुडालं हा तिथे प्रश्नच नव्हता. ग्राहक देश ‘रोगमुक्त भागातला गहू’ असं प्रमाणपत्र मागत होते आणि ते द्यायचं कसं, हा पेच होता. विलगीकरण लागू झालं, काही शेतांतलं उभं पीक नांगरून टाकलं गेलं, कंबाइन (कापणी-मळणी यंत्रं) धुऊन निर्जंतुक करूनच हलवायची सक्ती झाली. पुढे तपासणीत काही ठिकाणी असेच बीजाणू निघाले, पण रोगट दाणा एकही नव्हता. ते रायग्रास गवतावरच्या वेगळ्याच बुरशीचे निघाले. तेव्हापासून नुसत्या बीजाणूंपेक्षा प्रत्यक्ष रोगट दाण्याला वजन आलं.

२००४ मध्ये पाकिस्तानने ऑस्ट्रेलियाचा गहू याच रोगाचं कारण देऊन नाकारला, ऑस्ट्रेलियाने ते मान्य केलं नाही. वाद प्रयोगशाळांचा होता, जहाज मात्र अडकलं. नियम सैल होऊच शकत नाहीत असंही नाही. गव्हाच्याच दुसऱ्या एका काणीसाठी चीनने अमेरिकी गहू वर्षानुवर्षं बंद ठेवला होता, १९९९ च्या करारात ५० ग्रॅम नमुन्यात ३०,००० बीजाणूंपर्यंत मुभा ठरली. पण अशी मुभा मिळवायला सरकारांना दशकं लागतात, आपण त्यावर विसंबून पेरणी करू शकत नाही.

म्हणून खरी चौकी शेताच्या बांधावर आहे. भारतीय प्रमाणीकरणात पायाभूत बियाण्यात ०.०५ टक्के आणि प्रमाणित बियाण्यात ०.२५ टक्के, म्हणजे ४०० दाण्यांत एक, एवढंच कर्नाल बंट चालतं. रोग असलेल्या भागातून ओळखीने आणलेलं बिनलेबलचं बियाणं स्वस्त पडतं खरं, पण स्वच्छ जमिनीत हा रोग येण्याची ती सगळ्यात सोपी वाट आहे. दुसऱ्या भागातून आलेलं मळणी यंत्र तुमच्या शेतात शिरण्याआधी झाडून, जमल्यास धुऊन घ्या. रोगट मालाचा भुसा जनावरांना घातला तर बीजाणू शेणातूनही जिवंत बाहेर पडतात, त्यामुळे ते शेण गव्हाच्या रानात टाकू नका.

मळणीनंतर मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली बघा. खाच काळी दिसली तर ती रास वेगळी ठेवा. चांगल्या मालात मिसळून टक्का कमी करायचा मोह होतो, पण भुकटी सगळ्या दाण्यांना चिकटते आणि धुवून केलेल्या तपासणीत सापडते. शंका असेल तर बीज तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. तिथे दाणे सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात भिजवतात, मग रोगट भाग काळाभोर उठून दिसतो. आणि रोगमुक्त क्षेत्राच्या सर्वेक्षणासाठी कोणी नमुना मागायला आलं, तर निवडून, पाखडून ठेवलेले दाणे पुढे करू नका, खळ्यावरच्या राशीतलेच द्या.