पाटात थरथरणारा स्पोक

उरुळी कांचनला माझ्या भावाचं शेत आहे. पाण्याची उंची बघायला त्याने पाटावरच्या आडव्या फळीवरून एक सळई उभी सोडली होती. ती महिन्याभरात वेल्डिंगपाशी तुटली. "ताई, एवढ्याशा पाण्यात कुठला आलाय जोर?" तो म्हणाला. जोर नव्हताच, पाण्यातल्या भोवऱ्यांचा आणि सळईच्या कंपनांचा ठेका जुळला होता. मी फिजिक्स शिकवते, पण ही गोष्ट फळ्यापेक्षा पाटावर लवकर कळते. तुम्हीही करून बघा.

फक्त जागा शेतातला उथळ पाटच हवी. कालव्यात किंवा मुठा नदीत उतरू नका. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पुण्यातला भिडे पूलसुद्धा पाण्याखाली जातो.

आधी वेग मोजा. दोन मीटरवर दोन खुणा करा आणि कडुनिंबाचं पान सोडा. चार सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. आता सायकलचा २ मिलिमीटर जाडीचा स्पोक फळीला शिकंज्याने घट्ट आवळा, खालचं टोक पाण्यात मोकळं ठेवा. स्पोकच्या मागे डावीकडून, उजवीकडून आळीपाळीने भोवरे सुटतात. वेगाला ०.२ ने गुणून जाडीने (मीटरमध्ये, म्हणजे ०.००२) भागलं की सेकंदाला किती जोड्या सुटतात ते कळतं: इथे सुमारे ५०.

मग शिकंजा सैल करून स्पोक थोडा थोडा वर घेत जा. मोकळा भाग १६-१७ सेंटिमीटरच्या आसपास आला की टोक एकदम धूसर दिसायला लागतं आणि फळीवर ठेवलेल्या बोटांना गुणगुण जाणवते. नीट बघा, स्पोक प्रवाहाच्या दिशेने नाही, आडवा हलतोय. त्याची स्वतःची कंपनं आणि भोवऱ्यांचा ठेका इथे एक झालेत. आणखी वर घ्या, थांबेल.

आता लांबी परत तीच करा, पण स्पोकवर शिवणाचे तीन जाड दोरे मळसूत्रासारखे गुंडाळा, साधारण तीन सेंटिमीटरला एक पूर्ण वेढा. भोवरे सगळीकडे एकाच वेळी सुटेनासे होतात आणि थरथर बरीच कमी होते. उंच धुराड्यांवर आणि समुद्रातल्या तेलविहिरींच्या पाइपांवर असेच वळसे असतात. ही काळजी हलकी नाही: १९९५ साली जपानच्या मोंजू अणुभट्टीत तापमापकाची नळी भोवऱ्यांच्या कंपनांनी तुटली आणि सोडियम गळला.

भाऊ जाड सळई आणायला निघाला होता. तीही चालली असती, पण आम्ही जुनीच वीतभर आखूड करून लावली. लांबी कमी झाली की सळईची स्वतःची कंपनं खूप जलद होतात, तो ठेका गाठायला पाण्याला फार जास्त वेग लागतो.

झाडं मात्र वेगळा मार्ग घेतात. कडक पट्टी आणि दुधाच्या पिशवीची लांब पट्टी, दोन्ही स्प्रिंगच्या तराजूला बांधून पाटात धरा. मग विटा लावून पाट अरुंद करा. वेग दुप्पट झाला की कडक पट्टीवरची ओढ चौपट होते. पिशवीची पट्टी प्रवाहाच्या दिशेने लोळते, तिची ओढ तेवढी वाढत नाही. मुळा-मुठेच्या काठचा वाळुंज हेच करतो. पाणी ओसरल्यावर त्याच्या अरुंद पानांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा बघा, सगळा एकाच दिशेला ताणलेला असतो, आणि फांद्या पुन्हा उभ्या.