आधी कुकर लावा, मग ठरवा: घरात आहे त्यातच रात्रीचं जेवण

ऑफिस सुटल्यावर लोकल पकडून घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांकडे तोवर मऊ पडलेली भेंडी आणि सुकलेली मेथी उरलेली असते. ती महाग घेऊन नऊ वाजता निवडत बसण्यापेक्षा घरातले डबे उघडावेत, असं मला मनापासून वाटतं. मुंबईतल्या बहुतेक मराठी घरांत तांदूळ, तूरडाळ, बेसन, कणीक, कांदे-बटाटे, लसूण आणि आमसुलं असतातच. चार माणसांचं पोटभर जेवण त्यात होतं.

पहिलं काम: चपला काढल्या की कुकर. काय करायचं हे ठरलेलं नसलं तरी भात लावून टाका. कोलमचा दीड वाटी तांदूळ, दुप्पट पाणी. खालच्या भांड्यात अर्धी वाटी तूरडाळ, हळद-हिंग घालून. बाजूला जागा असेल तर दोन बटाटे. तीन-चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. वाफ जिरायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात हातपाय धुऊन होतात. डाळीत आमसूल, चिंच किंवा टोमॅटो आधी घालू नका. आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही आणि मग वरणात कण्या राहतात. आंबट नेहमी डाळ घोटल्यावर.

दुसरं काम: फ्रीज उघडा आणि आज काय संपायला हवं ते बघा. कालचं वरण, चार पोळ्या, अर्धा कांदा, आंबट होऊ लागलेलं दही. जेवण तिथून ठरतं.

काहीच नसेल तर पिठलं. हे नीट सांगते, कारण घाईत ते बिघडतं ते दोनच ठिकाणी. एक वाटी बेसन आणि तीन वाट्या गार पाणी. आधी थोड्याशा पाण्यात बेसन हाताने कालवून गुठळ्या मोडा, मग बाकीचं पाणी घाला. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन टाकलं की बाहेरचं पीठ लगेच शिजतं, आतलं कोरडं राहतं, आणि त्या गुठळ्या नंतर मोडत नाहीत. कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, सहा-सात ठेचलेल्या लसूणपाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या. मग एक मोठा कांदा, तो पारदर्शक झाला की हळद आणि कालवलेलं बेसन. आता दोन-तीन मिनिटं हात थांबवायचा नाही. दाटू लागलं की मीठ, दोन आमसुलं, आणि मंद आचेवर झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. ही वाफ बहुतेक जण चुकवतात, आणि मग पिठल्याला कच्च्या बेसनाचा वास राहतो. उतरवताना ते हवं त्यापेक्षा थोडं पातळ असू द्या, ताटात येईपर्यंत घट्ट होतं. गरम भात, पिठलं, वरून कच्च्या तेलाची धार आणि बुक्कीने फोडलेला कांदा. माझ्या सासूबाई सोबत भाजलेला पापड देतात.

कालचं वरण उरलं असेल तर आज भातही नको, वरणफळं करा. वरणात दोन-तीन वाट्या पाणी, फोडणी, चिंच-गूळ, गोडा मसाला घालून खळखळ उकळी आणायची. दोन वाट्या कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट भिजवा, पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा आणि एकेक करून उकळत्या वरणात सोडा. सगळे एकदम टाकले तर चिकटून गोळा होतो. दहा मिनिटांत शिजतात. वर साजूक तूप हवंच, इथे काटकसर करू नका. लाटण्याचाही कंटाळा असेल तर शिळ्या पोळीचे तुकडे चालतात. ते शेवटी घालून दोनच मिनिटं ठेवा.

शिळ्या पोळ्या जास्त असतील तर फोडणीची पोळी. कुस्करा, कांद्याच्या फोडणीत परता, पाण्याचा हबका मारून झाकण. सोबत दही.

मासे खाणाऱ्या घरात सुका जवळा म्हणजे मोठा आधार. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यातच सुक्या मासळीची बेगमी होते. वाटीभर जवळा निवडून कोरडा भाजा, दोनदा पाण्यातून काढून घट्ट पिळा. तीन कांदे भरपूर तेलात परतून लसूण, हळद, मसाला, मग जवळा आणि तीन आमसुलं. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. मीठ मात्र चव बघूनच, जवळा मुळात खारट असू शकतो. भाताबरोबर छान, पण खालच्या बेकरीतले पाव मिळाले तर मी भात सोडून पावच घेते.

लहान मुलं दमून झोपेला आली असतील तर यातलं काहीच नको. कुकरमधला भात गरम असतानाच मेतकूट, तूप, मीठ घालून कालवा आणि भरवा. ते पुरेसं जेवण आहे. त्याबद्दल आईला अपराधी वाटण्याचं काही कारण नाही.

शेवटचं काम जेवण झाल्यावर. उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. मुंबईच्या दमट उकाड्यात तो लवकर खराब होतो, आणि वास आला नाही तरी पोट बिघडवू शकतो. शिजल्यापासून दीड-दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये जाऊ द्या, सकाळी फोडणीचा भात होईल. आणि झोपण्यापूर्वी वाटीभर मटकी भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी निघताना उपसून ओल्या फडक्यात बांधली की संध्याकाळी बारीक मोड दिसू लागलेले असतात, आणि उद्या कुकर लावायच्या आधीच उसळीचं ठरलेलं असतं.